हातातून नको, थाळीत

“हाथ में मत दो, थाली में रखो.”

आमदारांच्या माणसाने मला हे सांगितलं तेव्हा माझ्या दोन्ही हातांत कडुनिंबाची रोपं होती. खाडीकाठी मांडव घातला होता. वर स्टेज, स्टेजवर आमदार आणि पाहुणे. मी खाली, पायरीपाशी. मी रोप थाळीत ठेवायचं, त्याने थाळी वर न्यायची, पाहुण्याने थाळीतून रोप उचलायचं. मातीमुळे असेल, असं शेजारची बाई म्हणाली. असेल. पण वर गेल्यावर पाहुण्यांनी तीच माती हाताला लावून फोटो काढले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी निळा झेंडा आहे. खाडीच्या पलीकडूनही दिसतो. मधली थाळी कशासाठी असते, ते मला कोणी शिकवायला नको.

आणि ती रोपं माझी होती.

मी लिंबायतमध्ये राहते, गुजराती मुलखातल्या मराठी कामगारांच्या वस्तीत. कारखान्यात वाइंडिंगवर आहे. सुताच्या कोनावरून बॉबिन भरायची, दिवसभर. सूत संपलं की पुठ्ठ्याचा रिकामा कोन उरतो, विदूषकाच्या टोपीसारखा. तो भंगारात जातो. मी घरी आणायचे. कोन उलटा करायचा, खाडीचा गाळ भरायचा, लिंबोळी टोचायची. वीतभर वाढलं की कोनासकट जमिनीत. पुठ्ठा कुजतो, मुळं मोकळी होतात. मला हे कोणी शिकवलं नाही. पिशव्या विकत आणायच्या नव्हत्या म्हणून सुचलं.

आमदारांनी काम केलं नाही असं मी म्हणणार नाही. खाडीकाठचा वर्षानुवर्षांचा कचरा त्यांनी हलवला. डंपरपाशी स्वतः उभे राहिले, नाकाला रुमाल न लावता. त्यांच्या निधीतून काठाला भिंत आली, झाडांसाठी पट्टा आला, बाक येणार होते. पट्टा सांभाळायला रहिवाशांची समिती व्हायची होती. काय लावायचं, फाटक कधी उघडायचं, कामावर कोणाला घ्यायचं, सगळं समितीच्या हातात.

पाहणीला आले तेव्हा आमच्या भिंतीशी ओळीने ठेवलेले कोन बघून ते थांबले. सोबत पलीकडच्या सोसायटीतल्या हेतलबेन होत्या. मी सगळं करून दाखवलं. हेतलबेननी मोबाइलवर व्हिडिओ काढला. “बौ सरस,” म्हणाल्या. मी खूश. घरी सगळ्यांना सांगत सुटले.

आणि मांडवाच्या त्या दिवशी माइकवरून ऐकलं, “कोनमां छोड उगाडवानो आइडिया आपणा हेतलबेननो छे.” कोनात रोप वाढवायची कल्पना म्हणे हेतलबेनची. टाळ्या पडल्या. हेतलबेनच्या खांद्यावर शाल आली. समितीच्या अध्यक्ष त्याच. नावं वाचली. आमच्या गल्लीतलं एकही नाव नाही.

माझ्या पोटात दुखलं. त्याला चांगला शब्द मी शोधणार नाही. शाल मोरपंखी होती, काठाला जर होती. ती माझ्या अंगावर कशी दिसली असती, याचा मी तिथे उभी राहून विचार केला. त्यांची स्वच्छ नखं, त्यांचं चटकन हसणं, आमदारांना नावाने हाक मारणं, सगळं डोळ्यांत खुपलं. मला ती बाई व्हायचं होतं. आणि ती बाई नाहीशीही व्हायला हवी होती.

थोड्या वेळाने लावायची रोपं टेम्पोतून उतरली. माझी फक्त स्टेजपुरती होती. ही हेतलबेननी नर्सरीत तयार करून घेतलेली. कोन नवे, चकचकीत. मी एकावर बोट फिरवलं. पुठ्ठ्यावर प्लास्टिकचा थर. असला कोन पाण्यात महिनाभर ठेवा, तसाच राहतो. वाइंडिंगवरची कुठलीही बाई हात लावून सांगेल. त्यांना सगळे कोन सारखे दिसले.

मी बोलणार होते. मग पायरीवर ठेवलेली ती थाळी दिसली, आणि मी गप्प बसले. मला आनंद झाला. सांगायला लाज वाटते, पण झाला.

पाणी घालायचं काम आमच्या गल्लीला दिलं. बायका पाळीवर जायच्या आधी हंडे उचलायच्या. मीही उचलायचे, सगळं माहीत असून. होळीनंतर पानं पिवळी पडायला लागली. हेतलबेनच्या नावाची पाटी असलेलं रोप आधी वाळलं. मला बरं वाटलं. मग माझ्या सासूने लावलेलं वाळलं.

सासूचा सगळा जन्म पत्र्याखाली गेला. दुपारी बसायला एक सावली, एवढंच तिला त्या पट्ट्याकडून हवं होतं. ती वाळकी काडी हातात घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली. मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

“तुले माहीत व्हतं ना?” ती म्हणाली. “मंग का बरं नही बोलनी?”

मी थाळीचं सांगितलं.

तिने काडी माझ्यापुढे जमिनीवर ठेवली. मग म्हणाली, “थाळीना राग तुनी झाडेसवर काढा.”

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात आमदारांनी आम्हाला पट्ट्यावर बोलावलं. शेजारी हेतलबेन. आमच्या बायका हंडे घेऊनच आलेल्या.

“पानी डालना आप लोगों का काम था,” आमदार म्हणाले. “नहीं डाला, तो पेड़ मरेंगे ही.”

“एमने झाडनी किंमत नथी,” हेतलबेन म्हणाल्या. हळूच, पण ऐकू जाईल इतक्याच हळू.

सगळ्या बायका खाली बघायला लागल्या. ज्यांनी उन्हाळाभर हंडे वाहिले त्या खाली बघत होत्या, माझ्यामुळे. मी पुढे झाले. एक रोप उपटलं. कमरेची सूत कापायची ब्लेड काढली आणि कोन उभा चिरला. आत माती ओली होती. मुळं कोनाच्या आतून गोल गोल फिरून एकमेकांना आवळून बसली होती.

“पानी डाला है साहब,” मी म्हणाले. “कोन गलता नहीं. मैंने पहले दिन देखा था. बोली नहीं, क्योंकि मुझे थाली में रखने को बोला था. मेरी गलती है. आपकी भी है.”

आमदारांनी तो चिरलेला कोन हातात घेऊन नीट पाहिला. त्यांना कळलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग म्हणाले, “ठीक है. अब पौधे आप बनाओ. हेतलबेन देख लेंगी.”

एवढं होऊनही हेतलबेन देख लेंगी.

“नहीं,” मी म्हणाले. “समिती में हमारी गली के नाम डालो. फिर.”

“लिस्ट ऊपर चली गई है.”

“तो वापस मंगाओ.”

यादी अजून परत आलेली नाही. मी अर्ज दिला आहे, गल्लीतल्या बायकांच्या सह्या आणि अंगठे घेऊन. दर सोमवारी पाळी सुटल्यावर आमदारांच्या कार्यालयात जाऊन बसते. तिथला माणूस तोच, थाळीवाला. तो मला ओळखतो आणि ओळख दाखवत नाही. भिंतीवर हेतलबेनचा शालीतला फोटो आहे. तो बघितला की पोटात अजून दुखतं. दुखू दे. ते थांबलं तर मी घरी बसेन.

भिंतीशी मी पुन्हा कोन मांडलेत, पुठ्ठ्याचे. कोणाला कळो न कळो, चुकीचं दिसलं की आता त्याच क्षणी बोलणार, समोर कोणीही असो. रोपं तयार आहेत. ज्याला हवं असेल त्याने यावं आणि माझ्या हातातून घ्यावं. थाळी आणलीत तर रिकामी न्याल.