परमुलखातला पेटीवाला

वांकिडीच्या महिपतला कोणी गाव विचारलं, की तो आधी महिना कोणता चालू आहे ते बघायचा. पावसाळ्यात तो वांकिडीचा, वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यातला. पण एकदा दिवाळी झाली, की तो उद्धवरावांच्या दंडारीत बाजाची पेटी वाजवायला निघायचा, आणि मग होळीपर्यंत जिथं बैल सोडतील ते त्याचं गाव.

उद्धवराव एरवी कापडाचे लहानसे दुकानदार. दिवाळीनंतर दुकान भावाच्या गळ्यात घालायचे आणि मंडळी घेऊन बाहेर पडायचे. चावडीपुढे गॅसबत्ती टांगायची आणि गाणी, सोंगं, थट्टामस्करी करून गाव हसवायचं, ही त्यांची दंडार. तिच्यातला जीव म्हणजे धोंडीबा. धोंडीबा शेतकरी गडी, हाताला कासऱ्याचे घट्टे पडलेले. पण लुगडं नेसून, पितळेच्या पाटल्या चढवून, पदर सावरत तो 'पाटलीणबाई' म्हणून उभा राहिला, की पुढं बसलेल्या बायासुद्धा आपापला पदर नीट करायच्या. दिवाळीत मिशी उतरवायची आणि होळीला पुन्हा ठेवायची, हा त्याचा नेम होता.

पोलीस ॲक्शनच्या साली दंडार निघालीच नाही. पुढच्या साली परवानगी मागायला उद्धवराव कचेरीत गेले, तेव्हा पेटी उचलायला महिपतही सोबत होता. अंमलदार बाहेरून आलेला, नवा. त्यानं हिंदीत विचारलं, "इसमें होता क्या है?"

उद्धवरावांना निजामाच्या कचेरीतलं उर्दू यायचं, पण ते सगळं जमिनीच्या आणि साऱ्याच्या कामाचं. त्यात दंडार काही बसेना. शेवटी ते म्हणाले, "साहब, एक बीवी है, वो मर्द है. बाकी सब ठीक है."

अंमलदारानं दौत पुढं ओढली आणि सही करून टाकली.

राजुऱ्याच्या अंगाला पिंपळदरी नावाचं गाव होतं. तिथले केशवराव कापूसवाले शेतकरी. मंडळींचा मुक्काम दरसाल त्यांच्या ओसरीवर असायचा. एका हिवाळ्यात तिथं पोचता पोचताच महिपतच्या पेटीचा एक सूर बसला. तो ओसरीवर बसून भाता मागंपुढं करत होता, तेवढ्यात केशवरावांची मुलगी जयवंता पाण्याचा गडवा घेऊन आली. गडवा ठेवून ती तिथंच उभी राहिली.

"पेटी खोकून राह्यली तुमची," ती म्हणाली.

"थंडीची खोकते," महिपत म्हणाला.

"मंग काढा द्या तिले."

महिपतनं पेटी उघडली. सुराच्या एका पत्तीत ज्वारीचं टरफल अडकलं होतं, बोटाला काही लागत नव्हतं. जयवंतानं अंबाड्यातला आकडा काढून पुढं केला. टरफल निघालं, सूर मोकळा झाला. आकडा परत करायला महिपत विसरला. निदान पुढं कधी विषय निघाला तर तो विसरलो असंच म्हणायचा.

त्या साली होळीला घरी आल्यावर त्याचं लक्ष लागेना. वाफ्याला पाणी सोडलं तर ते वांग्यांची कड सोडून शेजाऱ्याच्या शेतात जायचं. आई तुळजाबाईनं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "कोनाची हाय?"

महिपतनं सांगितलं. तुळजाबाई वाट बघत बसणारी बाई नव्हती. भावाला सोबत घेऊन ती पिंपळदरीला गेली.

केशवरावांनी पाहुणचार चांगला केला, पण शब्द दिला नाही. "पोरगा गुनाचा हाय," ते म्हणाले. "पन बाई, तो घरी कवा रायते?"

"पावसाळाभर रायते," तुळजाबाई म्हणाली. "नवरा तेवढा पुरते."

आतून कोणीतरी हसल्याचा आवाज आला. केशवराव "पाहू" म्हणाले, आणि पाहता पाहता ५६ सालची दिवाळी तोंडावर आली. इकडं हैदराबाद राज्यच मोडलं. राजुरा तालुका मुंबई राज्यात गेला, वांकिडी आंध्रात राहिली. लोक पारावर बसून आपण कोणत्या राज्यातले झालो हे एकमेकांना समजावून सांगत होते आणि दर वेळेला वेगळंच सांगत होते. केशवरावांना मात्र एवढं नक्की कळलं, की नाही म्हणायला त्यांना आणखी एक कारण सापडलं आहे.

दिवाळीनंतर मंडळी पिंपळदरीला आली. या खेपेला तुळजाबाईही त्याच छकड्यात बसून आली होती. ओसरीवर बसणं झालं. महिपत खांबाला टेकून, पेटीवरची धूळ पुसत बसला. पेटीवर धूळ नव्हती.

"आधी तो फिरता होता," केशवराव म्हणाले, "आता तर परमुलखातला झाला. पोरगी आंध्रात देऊ का मी?"

"काऊन? माह्यं घर उठून कुठं गेलं का?" तुळजाबाई म्हणाली. "चूल तिथंच हाय, इहीर तिथंच हाय. मी बी तिथंच हाय."

"तुमचं खरं हाय. पन लोक इचारतीन, पोरगी कुठं देली, तं काय सांगू?"

तेवढ्यात आतल्या दाराआडून जयवंता म्हणाली, "बाबा, आपले दोनी बैल वांकिडीच्या बाजारातले. ते बी परमुलखातलेच झाले आता. इकून टाकता का?"

केशवरावांना त्या जोडीचा फार अभिमान. आल्यागेल्याला ते गोठ्यात नेऊन बैल दाखवायचे, आणि 'असं जनावर आपल्याकडं पैदाच होत नाही' हे वाक्य त्या ओसरीवरच्या प्रत्येकानं ऐकलेलं होतं. त्यांनी एकदा दाराकडं पाहिलं, एकदा गोठ्याकडं. मग सुपारीचं खांड तोंडात टाकून म्हणाले, "वैशाखात मुहूर्त पाहा."

लग्नाला वाजंत्री लावायची गोष्ट निघाली तेव्हा उद्धवरावांनी छातीवर हात ठेवला. "आमचा पेटीवाला नवरदेव अन् वाजवायले दुसरे? आमची मंडळी वाजवीन. तुमी सनईवाले सांगू नका."

केशवरावांनी सनईवाले सांगितले नाहीत. तिथंच सगळं चुकलं.

वैशाखात वऱ्हाड निघालं. मंडळींचा छकडा मागून येणार होता, कारण जेवणं झाल्यावर दंडार करायचा उद्धवरावांचा बेत होता आणि सोंगांची पेटारी बांधायची राहिली होती. त्यासाठी धोंडीबानं नेम मोडून मिशीही पुन्हा उतरवली होती. महिपतनं मात्र आपली पेटी कोणाच्या हवाली केली नाही. वाकळेत गुंडाळून ती त्यानं स्वतःच्या पायाशी ठेवली.

वऱ्हाड पिंपळदरीच्या मारुतीपाशी उतरलं. महिपतच्या कपाळावर बाशिंग चढलं, मुंडावळ्या गालावर आल्या. मंडपात जायची वेळ झाली, तरी मागच्या रस्त्यावर धूळ दिसेना. वऱ्हाडातल्या बाया कुजबुजायला लागल्या. केशवराव मारुतीपर्यंत दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, "बिनवाजंत्रीचा जावई नेला तं गाव मले काय म्हनीन?"

तुळजाबाईनं रस्त्याकडं पाहिलं आणि मग लेकाकडं. "तुले हात हाय ना?" ती म्हणाली.

महिपतनं वाकळ सोडली. छकड्यात मांडी घालून पेटी पुढ्यात घेतली आणि उद्धवरावांच्या दंडारीत पाटील बायकोला भिऊन पळतो त्या वेळची चाल सुरू केली. दुसरी कोणतीही चाल त्या क्षणी त्याला आठवली नाही. मुंडावळ्यांचं एक टोक भात्यात जायचं, ते काढायला मान वर केली की बाशिंग डोळ्यांवर यायचं. वऱ्हाडातल्या एकानं पिंप बडवायला घेतलं. पिंपळदरीच्या लोकांना ती चाल पाठ होती, ते टाळ्यांचा ठेका धरून छकड्यापुढं नाचायला लागले. मंडपाच्या दारात पोचेपर्यंत नवरदेवाला घाम फुटला होता, आणि ओवाळायला आलेल्या बायांना तबक सांभाळून हसता येत नव्हतं.

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं चालू असताना पलीकडून जयवंता हळूच म्हणाली, "नवरदेव पळून येऊन राह्यला का पळून जाऊन राह्यला, तेच समजेना."

अक्षता पडल्या, पंगती बसल्या, तेव्हा कुठं उद्धवरावांचा छकडा आला. त्यात लुगडं नेसून, पाटल्या घालून धोंडीबा बसलेला. नव्या हद्दीवरच्या नाक्यानं त्यांना अडवलं होतं. शिपाई दूरच्या तेलुगू जिल्ह्यातला, नवाच. पेटारी उघडून त्यानं लुगडी, दागिने आणि केसांची गंगावनं पाहिली, समोर सगळे बापे पाहिले, आणि "एमिटिदि? एमिटिदि?" म्हणजे हे काय, हे काय, असं विचारत बसला. उद्धवरावांनी मराठीत, हिंदीत आणि हातांनी सांगून पाहिलं. शेवटी धोंडीबाला तिथंच लुगडं नेसवून सगळी दंडार करून दाखवावी लागली. शिपायाला ती इतकी आवडली, की पाटलीणबाईचा राग त्यानं दुसऱ्यांदा करायला लावला. सुटल्यावर घाईत धोंडीबाचं धोतर नाक्याच्या बांबूवरच राहिलं.

हे सगळं महिपतला नंतर कळलं. मंडपात मात्र वेगळंच घडत होतं. केशवरावांची थोरली बहीण प्रयागबाई, नजरेनं जरा अधू. छकड्यातून उतरलेली बाई पाहून तिनं धोंडीबाला हळदीकुंकू लावलं. "नवरदेवाची कोन तुमी?"

धोंडीबानं आजूबाजूला पाहिलं. धोतर नव्हतं आणि भूक लागली होती. "मावशी," तो बारीक आवाजात म्हणाला.

प्रयागबाईनं त्याला बायांच्या पंगतीत नेऊन बसवलं आणि स्वतः वाढलं. मग तुळजाबाईपाशी येऊन कौतुकानं म्हणाली, "इहीनबाई, तुमची बहीन मोकळ्या मनानं जेवते हो. बुंदीची परात संपली."

"मले बहीन नाही," तुळजाबाई म्हणाली.

दोघींनी वळून पाहिलं, केशवरावांनीही पाहिलं. इतकी वर्षं ज्या पाटलीणबाईला त्यांनी आपल्या ओसरीवर भाकर खाऊ घातली होती, ती पदर डोक्यावर घेऊन मठ्ठा पीत होती. केशवरावांना हसू आवरेना. ते खाली बसले, उपरणं तोंडाला लावलं, पुन्हा उठले आणि पुन्हा बसले. लेकीच्या लग्नात बापाच्या डोळ्यांतून पाणी आलं हे गावानं पाहिलं, फक्त ते कशाचं हे ज्यानं त्यानं आपल्या मनानं ठरवलं.

लग्नानंतरच्या दिवाळीला महिपत घुटमळला. छकडा दारात उभा, पेटी वाकळेत बांधलेली, आणि हा उगाच गोठ्यात जाऊन यायचा. जयवंतानं आपलंही गाठोडं बांधून आणलं आणि छकड्यात ठेवलं. "पिंपळदरीपर्यंत मी येतो," ती म्हणाली. "तुमी फिरून होळीले परत जासान, तवा मले घेऊन जा."

अशी रीत पडून गेली. केशवरावांच्या भाऊबंदांना एकेक मुलगी माहेरी आणायची तर जावयाची मनधरणी करावी लागायची. हा परमुलखातला जावई मात्र दरसाल न बोलावता मुलगी घेऊन दारात उतरायचा, वर पेटीही वाजवायचा. पुढं पुढं केशवराव आल्यागेल्याला गोठ्यात नेण्याआधी महिपतची गोष्ट सांगायला लागले.

उद्धवरावांची मात्र पंचाईत झाली. पूर्वी पिंपळदरीला एक मुक्काम असायचा, आता केशवराव मंडळींना चार-चार दिवस हलू देईनात. गावाला सगळ्या थट्टा पाठ होत्या. छकड्यात बसून उद्धवराव कुरकुरायचे, "जावई तू, पाहुनचार तुले, अन् नवीन हसू कुठून आनू मी?"

महिपत पेटीवर हलकेच काहीतरी वाजवत बसायचा, आणि शेजारी बसलेली जयवंता उद्धवरावांना एखादी नवी थट्टा सांगायची. त्यातल्या निम्म्या तिच्या बापावरच असायच्या, आणि पिंपळदरीत त्याच सगळ्यात जास्त चालायच्या.