नाव नसलेल्या तीन बातम्या

विद्यापीठाच्या फेलोशिपचा अर्ज भरायला बसले, तेव्हा नाशिकच्या एका दैनिकात मला बावीस वर्षं झाली होती. अर्धी नोकरी उलटलेल्या पत्रकारांनी वर्षभर बातम्या सोडून अभ्यास करावा, अशी ती योजना. तोवर मला वाचत बसायला कुणी सुट्टी देऊ केली नव्हती, त्यामुळे अर्ज मी अगदी शेवटच्या टिपेपर्यंत वाचला.

‘तुमच्या नेतृत्वाचा प्रवास सांगा’ या रकान्यात काय लिहावं ते कळेना. माझा बहुतेक प्रवास एसटीने झालाय. पण खरी अडचण त्याच्या खाली होती. स्वतः लिहिलेल्या तीन प्रकाशित बातम्या जोडायच्या होत्या. बातमीवर नाव नसेल, तर ती तुमचीच आहे असं सांगणाऱ्या व्यक्तीचं पत्र हवं होतं.

आमच्याकडे रोजच्या बातमीवर नाव येत नाही, ‘प्रतिनिधी’ येतं. मी प्रतिनिधी, शेजारच्या टेबलावरचा प्रतिनिधी, रजेवर गेलेलाही प्रतिनिधी. नाव आणि फोटोसकट छापलेलं माझं एकच काम होतं, ‘गोदामाईचा टाहो’ ही पाच भागांची मालिका. तिला पुरस्कार मिळाला होता. शाल देताना मंत्र्यांनी मला दुसऱ्याच पेपरची करून टाकलं होतं.

मी संपादकांकडे गेले. ते माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान.

“मॅडम, टाहो आहे ना? त्याचेच तीन भाग लावा.”

“एका मालिकेतलं एकच चालतं. बाकी दोन मी लिहिल्याचं पत्र द्याल?”

“मी येऊन तीनच महिने झाले. तुमचं जुनं मी कसं लिहून देऊ? आणि त्या बातम्या आहेत कुठे?”

हा प्रश्न रास्त होता. ऑफिस हलवताना जुन्या अंकांच्या बांधीव फायली रद्दीत गेल्या होत्या आणि संगणकावर मागची चारच वर्षं होती, तीही ‘प्रतिनिधी’च्याच नावाने. बावीस वर्षं रोज लिहून मी लिहिल्याचा पुरावा मात्र माझ्याकडे नव्हता. अर्जाची मुदत दहा दिवसांवर आली होती.

तेव्हा मला पोस्टकार्डं आठवली. वर्षातून एक-दोनदा ऑफिसात ‘प्रतिनिधी साहेब यांस’ अशी कार्डं यायची. अक्षर फळ्यावरचं, मजकूर दोन ओळींचा, खाली ‘एक शिक्षिका, नाशिक रोड’ आणि पत्ता. माझ्या बातम्यांबद्दलची सात-आठ कार्डं मी खणात ठेवली होती. एकावर लिहिलं होतं, ‘आपली आजची बातमी कापून ठेवली आहे.’

रविवारी मी त्या पत्त्यावर गेले. कॉलनीतल्या दुसऱ्या मजल्यावर सत्तरीच्या बाईंनी दार उघडलं. मी कार्ड दाखवलं आणि म्हटलं, “मी प्रतिनिधी.”

त्यांनी माझ्याकडे, मग माझ्यामागच्या जिन्याकडे पाहिलं.

“म्हणजे साहेब तुम्ही?”

“हो.”

“आणि मी इतकी वर्षं साहेब लिहीत राहिले. एखाद्या कार्डाच्या उत्तरात सांगायचं तरी.”

चहा घेताना मी अर्जाची आणि रद्दीत गेलेल्या फायलींची हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी शर्टाचं जुनं खोकं आणलं. महापालिकेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला त्या रोज एक बातमी मोठ्याने वाचून दाखवत. “धडा पोरांना आधीच पाठ असतो. बातमी कुणाला पाठ नसते,” त्या म्हणाल्या. “ज्या बातमीला वर्ग गप्प बसला, ती मी ठेवायची. दोनेक वर्षांनी लक्षात आलं, यातल्या बऱ्याच एकाच माणसाच्या आहेत. मग तेवढ्याच ठेवल्या. निवृत्त झाले तरी सवय राहिली.”

खोक्यात साठेक कात्रणं होती. सगळ्यांवर ‘प्रतिनिधी’. माझा स्वभाव संशयी, शिवाय पगार त्याचाच मिळतो. दुसऱ्या कुणाची बातमी सापडते का, म्हणून मी एकेक उलटत गेले. देवळ्याच्या बाजारात कांदा निवडणाऱ्या बायका. देवळाली कॅम्पला थांबलेल्या पॅसेंजरमध्ये ट्रंक चढवणारी जवानाची बायको. शाळेतला एकच नळ आणि त्याच्यापुढची रांग. काही मी साफ विसरले होते, वाचल्यावर तिथला वाससुद्धा आठवला. दुसऱ्या कुणाची एकही निघाली नाही.

“कसं ओळखलंत, बाई?”

“लिहिणारा कुठे उभा होता ते कळतं तुमच्यात. बाकीचे लिहितात मोर्चा निघाला. तुम्ही मोर्च्याच्या शेवटी असता.”

मग मी पर्समधून ‘टाहो’ काढला. माझी सगळ्यात चांगली म्हणून मी तो पहिल्या क्रमांकाला जोडणार होते. त्यांनी चष्मा पुसून पूर्ण पान वाचलं, माझा फोटोही पाहिला.

“नाव तुमचं आहे,” त्या म्हणाल्या, “पण ही तुमची वाटत नाही.”

“का?”

“नदी रडते, नदी ओरडते. तुम्ही घाटावर कुठे आहात?”

मी घाटावर गेलेच नव्हते. अहवाल समोर ठेवून, पंख्याखाली बसून, स्पर्धेच्या मुदतीआधी दोन दुपारांत ती मालिका लिहिली होती. परीक्षकांना ते कळलं नाही, मंत्र्यांना कळायचा प्रश्न नव्हता. सात-आठ वर्षांत मीही ते सोयीने विसरले होते. ते बाईंना एका वाचनात दिसलं.

मी पान घडी करून परत ठेवलं आणि खोक्यातली तीन कात्रणं मागितली.

“स्कॅन करून परत आणा. तुमच्याकडे राहत नाहीत ती.”

पत्र त्यांनी तिथेच लिहिलं. ‘या तीन बातम्या यांनीच लिहिल्या आहेत. त्यांना मी आजपर्यंत पाहिले नव्हते.’ दुसरं वाक्य खोडावं का, असं मी विचारलं. खरं आहे ते खोडायचं कशाला, म्हणाल्या.

अर्जात पत्र देणाऱ्याचा हुद्दा निवडायचा होता. संपादक, प्राध्यापक, सहकारी, इतर. मी ‘इतर’वर बोट ठेवलं आणि पुढच्या चौकटीत ‘वाचक’ लिहिलं. विद्यापीठाला हे चालेल की नाही, याची खात्री नव्हती. तरी अर्ज पाठवला.

पुढच्या रविवारी कात्रणं परत द्यायला गेले. बाईंनी ती आपापल्या जागी लावली.

“उत्तर आलं का त्यांचं?”

“अजून नाही.”

“टाहो नाही ना लावलात?”

“नाही.”

“मग झालं,” म्हणून त्यांनी खोक्याला झाकण लावलं.