आमच्या गल्लीची डीपी तापली त्याची गोष्ट

काय झालं, ते सांगायला मलाच लाज वाटते, पण मंदाकडून मीठमसाला लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका.

त्या दिवशी कुंपणापलीकडे वायरमन मंदाच्या नवऱ्याला सांगत होता, "...मंग दुपारी लाइन बंदच होते, भाऊ." तेवढ्यात माझ्या कुकरची शिट्टी झाली. मागचं-पुढचं सगळं शिट्टीत गेलं.

मला तेवढं पुरलं. अकोल्याचं ऊन, त्यात पोरगी बाळंतपणाला आलेली, नात अजून मुठीएवढी. कूलरशिवाय तिची दुपार कशी निघणार?

पदर खोचला आणि निघाले.

"मंदे, दुपारी लाइन जाऊन राहिली. घर आताच थंड करून घे, टाकी भरून घे."

"कोन म्हने?"

"वायरमन सोता."

"मंग मिरच्याई कुटून घेतो मशीनवर."

बघता बघता गल्लीतले सगळे कूलर, सगळ्या मोटरी सुरू. वाटलं, अख्खी गल्ली उडून आता अमरावतीला उतरते!

इतक्यात माझ्या मोबाईलवर अनोळखी नंबरवरून मेसेज. 'आपली डीपी तापली आहे. त्वरित भार कमी करा.'

आता सांगा, राग येईल की नाही? आदल्याच दिवशी मी भाच्याच्या लग्नातला फोटो डीपीला ठेवला होता. भर उन्हातला, केशरी शालू, तोंड लालबुंद. हे नणदेचंच काम. माझ्या वजनावर तिचा डोळा जुना आहे.

"आई, कोनाचा मेसेज?" पोरगी म्हणाली.

"तुया आत्याचा. कामधंदे नाईत तिले."

मी बारीक होते तेव्हाचा फोटो लावला. पुन्हा मेसेज, डीपी अजून तापलेलीच! मग गुलाबाचं फूल ठेवलं. फुलाचा कसला आला भार?

आणि लाइन गेली.

"म्हटलं नोतं मी?" फाटकात उभी राहून मी गल्लीला ऐकवलं. पण नात उठली, रडून रडून निळी व्हायला आली. आणि समोरच्या गल्लीतले कूलर तर मजेत चालू.

वायरमन धावत आला. घरोघरच्या मोटरी बंद करायला लावल्या, मग लाइन दिली. नात निजली.

"तुमीच तं म्हटलं, दुपारी बंद होते," मी म्हणाले.

"लोड कमी नाई केला तं, असं म्हटलं काकू. मागच्या उन्हाळ्यात खांबावरची डीपी जळाली, म्हनून हे डबी लावली. डीपी तापली का आधीच मेसेज धाडते. गल्लीतून नंबर तुमीच देला ना, पुढं होऊन?"

दिला होता. गल्लीची खबर आधी मला कळावी म्हणून.

"मंग मेसेज नाई आला?"

"आला ना."

"मंग काय केलं तुमी?"

सगळी गल्ली माझ्या तोंडाकडे बघत होती. मंदा तर जास्तच.

"बदलली ना मी डीपी," मी म्हणाले. "दोनदा."