मधलं गिऱ्हाइकाचं

मी निघाले त्या दिवशी आईनं गाडा लावला नव्हता. भुशी धरणाच्या रस्त्यावरचा तिचा सँडविचचा गाडा, तोही शनिवारी, पर्यटकांची रीघ लागलेली असताना बंद! आमच्या घरात केवढी मोठी गोष्ट घडत होती, ते यावरून ओळखा. दाराशी टॅक्सी उभी, दादा बॅगा चढवतोय, आणि आई अजून आत ब्रेडला चटणी फासतेय. शेवटी चांदीच्या कागदातला पुडा तिनं माझ्या हातात कोंबला. "इमानात काय देत्यात कुणाला ठावं. भूक लागंल तवा खा," म्हणाली. रडली नाही. मीही नाही. आमच्याकडं रडायचं ते गाडी वळल्यावर.

पुडा मी विमानतळावर उघडला. बटाटा, काकडी, बीट, टोमॅटो, हिरवी चटणी, सगळं नेहमीचं. फक्त ब्रेडच्या चारी कडा कापलेल्या होत्या. मी तिथंच रडले.

आता कडा नव्हत्या म्हणून कुणी रडतं का? आमच्या घरातलं माणूस रडतं. गाड्यावर येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना ब्रेडची तपकिरी कड चालायची नाही. मऊ, पांढरं, तिकोनी हवं. म्हणून आई सुरीनं कडा उडवायची आणि डब्यात टाकायची. संध्याकाळी तो डबा घरी यायचा. "मधलं गिऱ्हाइकाचं, कडा आपल्या," हा घरातला कायदा होता, आणि त्याला अपील नव्हतं. दादानं एकदा तापात अख्खं सँडविच मागितलं, तर आईनं कपाळावरची पट्टी बदलली आणि पुढ्यात कडाच ठेवल्या.

पण त्या कडांचं ती काय काय करायची! कांदा-मोहरीची फोडणी देऊन कुस्करा. कधी उकडलेला बटाटा आणि ठेचा दोन कडांत दाबून तव्यावर खरपूस. उरलेल्या कडा सुपात वाळवून चहाबरोबर. आमचे वडील, आप्पा, देहूरोडच्या डेपोत कामाला होते. लोकलनं घरी आले की हातपाय धुऊन कडांना बोंबलाची चटणी लावून खायचे आणि म्हणायचे, "गोऱ्या सायबाला ह्याची चव कळली, तर परत राज्य करायला यायचा." शाळेत बाईंनी विचारलं होतं, आपल्या मावळात कडा कुठं बघायला मिळतो? मी हात वर करून सांगितलं, आमच्या घरी, सुपात. वर्गाला पुढं कितीतरी दिवस हसायला पुरलं.

इंग्लंडला पोचल्यावर फोनवर मी आईला विचारलंच, कडा का कापल्यास? ती म्हणाली, "परदेशात चाललेल्या मानसाला कडा देत्यात व्हय?" तिनं मानानं दिलं होतं. मला मात्र तिनं त्याच दिवशी गिऱ्हाइकांत बसवलं, असंच वाटत राहिलं. माझ्यासारखे जे बाहेर पडलेत, त्यांना हे कळेल. सुट्टीला घरी गेलं की चांगली चादर काढतात, वरच्या फळीवरचे कप काढतात. आपल्याला तर तो कान तुटलेला कप हवा असतो. पण तो मागायचा कुणाकडं?

इथं मी एका केअर होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, कामाला आहे. शिफ्ट, रोटा, हँडओव्हर, जिभेला आता असल्याच शब्दांचं वळण पडलंय. सँडविचच्या या माहेरात सँडविच थंडगार असतं, फ्रिजमधलं. अंड्याचं, ट्यूनाचं, चीज आणि पिकलचं. पिकल म्हणजे लोणचं या आशेनं मी पहिला घास घेतला आणि तोंड गोड झालं, नको तेव्हा. दुपारी मी इथल्या म्हाताऱ्यांना भरवते. त्यांना चावत नाही, म्हणून कडा कापते, आणि नियमाप्रमाणे कचऱ्यात टाकते. ते करताना हात अजून अडखळतो. कुणाच्या तरी आयांच्या तोंडात मऊ घास घालताना माझी आई जेवली का, हा विचार रोज येतो. पूर्वी तो नुसता विचार होता, आता काळजी आहे.

कारण आप्पा गेले, आणि पाठोपाठ आईला मेंदूचा झटका आला. चालते, बोलते, पण माणसं विसरते. गेल्या महिन्यात दादाचा व्हिडिओ कॉल आला. त्याचा आवाज रडवेला होता. "भात थुकती. ब्रेड मागती, दिला की ताट सारती. वाळत चाललीय ती. काय करू सांग." वहिनीनं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मऊ ब्रेड कडा कापून, चटणी लावून आईपुढं धरला होता. आईनं ताट फोनकडं ढकललं. माझ्याकडं बघून ओळखीचं हसली. तसं हसू ती गाड्यावर सगळ्यांनाच द्यायची.

"या, बसा. कुटनं आलात तुमी? घ्या, ताजं हाय."

'तुमी.' सख्ख्या आईनं. मला रडू फुटणार होतं, पण त्याच क्षणी उमगलं की ती रुसली नव्हती. समोर मधलं होतं, आणि मधलं ती कसं खाणार? गिऱ्हाइकासाठी ते राखून ती उपाशी बसली होती.

मी म्हणाले, "मी लांबची न्हाई, मावशी. हितलीच हाय. भुशीची." आईला मी मावशी म्हणाले.

तिनं डोळे बारीक केले. "हितली हायस व्हय? मग मधल्याकडं काय बघतीस? ते गिऱ्हाइकाचं. तू कडा घे."

वहिनी स्वयंपाकघरात धावली. टाकायला ठेवलेल्या कडा तिनं चहात भिजवून मऊ करून आणल्या. आईनं एक कड उचलून स्क्रीनपुढं धरली आणि थांबली. मी खाल्ल्याशिवाय ती खाणार नव्हती. मी उठून पाव काढला, त्याची कड तोडली आणि तिच्यादेखत चावली. मग तिनं तिची तोंडात घातली. घोळवली, गिळली, दुसरीला हात घातला. दादा कॅमेऱ्यातून बाजूला झाला.

आता रोज माझ्या ब्रेकमध्ये आम्ही जेवतो. ती मला ओळखत नाही. परवा तिनं विचारलं, तुजी आई कुटं असती? मी म्हणाले, हितंच. "मग बरंय," म्हणाली आणि माझ्या वाटची कड पुढं केली.

माझं नाव तिला आठवेल, ही आशा मी सोडली आहे. मला भीती एकच आहे, की एखाद्या दिवशी ती मला मधलं देईल.