गोमतीच्या रेतीतली जीप

माझे बाबा फौजेत ड्रायव्हर होते. शेवटचं पोस्टिंग लखनौला झालं आणि तिथूनच ते रिटायर झाले. माझी शाळा चांगली चालली होती म्हणून अमरावतीला परत न जाता आम्ही इंदिरा नगरमध्ये दोन खोल्या घेऊन राहिलो. फौजेतून सुटलेला माणूस तसा तरुणच असतो. बाबांना आखातातल्या एका वाळवंटी देशात नोकरी मिळाली. तेल शोधणाऱ्या कंपनीच्या लोकांना फोर व्हील गाडीतून, जिथे रस्ता संपतो त्याच्याही पुढे, वाळूत नेऊन सोडायचं आणि परत आणायचं. सुट्टी दोन वर्षांतून एकदा.

पहिल्या सुट्टीवर ते आले ते ऐन उन्हाळ्यात. संध्याकाळी कूलरसमोर बसून तिकडच्या गोष्टी सांगत. शुक्रवारी म्हणे अख्खी कुटुंबंच्या कुटुंबं गाड्या काढून वाळवंटात जातात. सोबत सतरंज्या, थर्मास, भाजायला मटण आणि टपावर बांधलेली फावडी. तरणी पोरं वाळूच्या टेकड्यांवरून गाड्या खाली सोडतात आणि म्हातारे सतरंजीवर बसून त्यांना नावं ठेवतात. वाळूत शिरण्याआधी सगळे उतरून चाकांतली हवा कमी करतात, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. आणि कुणाची गाडी अडकलेली दिसली तर ओळख असो नसो, थांबायचंच.

"तिथे बायका चालवतात?" आईने एकदा भेंडी चिरता चिरता विचारलं.

"त्या देशात चालवतात. आमच्या साहेबांची बायको तर अशी टेकडी चढवते, बघत राहावं."

"मग मलाही शिकवा."

बाबा हसले. आई हसली नाही. "तुम्ही दोन-दोन वर्षं तिकडे. इथे गॅस आणायचा तर शेजारच्या भैयांना हाक मारा, हिला ताप आला तरी त्यांनाच हाक मारा. किती दिवस असं?"

"मम्मी, सच में?" मी विचारलं. मला मराठी सगळं कळायचं, तोंडातून मात्र हिंदीच निघायची.

"सच में," आई म्हणाली.

बाबांचा फौजेतला एक मित्र जानकीपुरमला घर बांधत होता. विटा-सिमेंट आणायला त्याने लिलावात एक जुनी जीप घेतली होती. बाबा ती सकाळपुरती मागून आणू लागले. तेव्हा जानकीपुरममध्ये घरांपेक्षा रिकामे प्लॉटच जास्त होते. त्यांच्या मधल्या सुनसान रस्त्यांवर आई क्लच आणि गिअर शिकली. मग बाबा आम्हाला गोमतीच्या काठी घेऊन गेले, शहर मागे टाकून, जिथे उन्हाळ्यात रेतीचा पट्टा उघडा पडतो आणि लोक ककडी-खरबूज लावतात.

"डांबरावर कुणीही चालवेल," ते म्हणाले. "रेतीत शिकलीस तर कुठे अडणार नाहीस."

गोष्टी सांगताना इतका गोड वाटणारा माणूस शेजारी बसला की पार बदलून जाई. "ब्रेक नको! नको म्हटलं ना! चढावर तिरकी कशाला घेतेस?" आई गोंधळून ॲक्सिलरेटर दाबायची, चाकं जागच्या जागी फिरायची आणि जीप आणखी खाली बसायची. मग बाबा फावडं घेऊन उतरत आणि रेती उपसताना पुटपुटत राहत. असंच चाललं होतं. एका सकाळी लागोपाठ तीनदा जीप रुतली आणि ते बोलून गेले, "तुझ्याच्याने नाही व्हायचं हे."

आईने इंजिन बंद केलं. खाली उतरली आणि सडकेच्या दिशेने चालू लागली. चपला रेतीत बुडत होत्या, पदर वाऱ्याने उडत होता. बाबा तिच्यामागे आणि मी त्यांच्यामागे.

"अगं, ऐक तरी."

ती वळली. "तिकडे पहिल्यांदा तुमची गाडी रुतली तेव्हा काय झालं?"

बाबा घुटमळले. ही गोष्ट त्यांनी कूलरसमोर कधी सांगितली नव्हती. "लागलो त्याच आठवड्यात," ते शेवटी म्हणाले. "फौजेतला ड्रायव्हर, मला कोण काय शिकवणार, अशा तोऱ्यात होतो. हवा न काढताच आत शिरलो. थोड्या वेळात चाकं दिसेनाशी झाली. एक कुटुंब चाललं होतं, ते थांबलं. त्यांच्यातला म्हातारा उतरला. त्याने आधी मला सावलीत बसवून कॉफी पाजली. मग सगळ्यांनी मिळून गाडी काढली."

"तो ओरडला तुमच्यावर?"

"हसला खूप. ओरडला नाही."

 आई नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. बाबांनी मान खाली घातली, परत जाऊन चाकं मोकळी केली आणि पुढच्या सीटवर न बसता मागे माझ्याशेजारी येऊन बसले. "आता तू आणि गाडी. विचारलंस तरच बोलेन."

त्यांनी शब्द पाळला. कधी कधी माझा हात इतका घट्ट दाबत की मलाच ओरडावंसं वाटे, पण तोंड बंद. आणि आई सुधारली. चाकांखालची रेती भुसभुशीत झाली की तिला सीटवर बसल्या बसल्या कळू लागलं. चढ दिसला की ती आधीच वेग घ्यायची.

सुट्टी संपत आली असताना एका सकाळी आम्ही परत निघालो होतो. वाटेत खरबुजांनी भरलेला एक टेम्पो रेतीत मागच्या चाकांवर बसला होता. शेतकरी आणि त्याची म्हातारी आई फळं उतरवत होते. ऊन चढत चाललेलं, मंडी गाठायची घाई. बाबा काही म्हणायच्या आतच आईने जीप थांबवली.

"भैया, ख़ाली बोरे हैं?"

तिने टेम्पोच्या चाकांतली हवा कमी करवली, चाकांखाली त्याची रिकामी पोती अंथरायला सांगितली, आमचा दोर जीपच्या मागे बांधून घेतला. बाबा उतरून धक्का द्यायला उभे राहिले, नुसते धक्क्यापुरते. आईने फोर व्हीलचा दांडा ओढला आणि इतक्या हळू जीप पुढे घेतली, की मला वाटलं ती हललीच नाही. दोर ताणला, पोती करकरली आणि टेम्पो वर आला.

म्हातारी जीपच्या दारापाशी आली. "ई तुम चलावत हौ, बिटिया?"

"हाँ अम्मा."

तिने आईच्या मांडीवर एक खरबूज ठेवलं आणि गालावरून हात फिरवला.   परतीच्या वाटेवर जीपमध्ये खरबुजाचा गोड वास भरून राहिला होता.

बाबा गेल्यावर आईने लायसन्स काढलं. थोड्याच दिवसांत एक सेकंडहँड व्हॅन घेऊन ती कॉलनीतल्या मुलांना शाळेत सोडू लागली. आधी लोक कुजबुजले. मग त्यांच्याच मुली तिच्या व्हॅनमध्ये बसू लागल्या आणि सुट्टीत त्यांच्यातल्या दोघी-तिघींच्या आया गुपचूप आईला विचारायला आल्या, "भाभीजी, हमें भी सिखा देंगी?"

बाबा पुढच्या सुट्टीवर आले तेव्हा आम्ही चारबाग स्टेशनवर व्हॅन घेऊन गेलो. ते आईच्या शेजारी बसले. हज़रतगंजमध्ये रिक्षा, स्कूटर आणि माणसं यांची नेहमीची गर्दी होती. आईला एक हॉर्नही न वाजवता त्यातून वाट काढताना त्यांनी पाहिलं. ड्रायव्हर माणसाला दुसऱ्याच्या गाडीत झोप लागत नाही म्हणतात. सिकंदर बाग ओलांडेपर्यंत बाबा मान कलती करून घोरायला लागले होते. आईने माझ्याकडे आरशातून पाहिलं, बोट ओठांवर ठेवलं आणि गाडी अगदी सावकाश घराकडे वळवली.