हिंगाचा वास

सुनेनं वरणाला हिंगाची फोडणी दिली की मी ताट घेऊन अंगणात जाऊन बसतो. झाडं छाटण्यात माझी हयात गेली. लातुरात क्लासच्या पोरांसाठी गल्लोगल्ली होस्टेलं उठत होती, तेव्हा एका घरी कडुनिंब छाटायला गेलो होतो. मालकाला तिथं खोल्या काढायच्या होत्या, पण त्याची आई झाड तोडू देईना. भूकंपानंतर घरात शिरायची भीती, म्हणून ती माणसं कितीतरी महिने त्याच निंबाखाली निजली होती. मी नुसत्या आडव्या फांद्या उतरवल्या. साल फाटू नये म्हणून आधी खालून काप घेतला, मग वरून, आणि जखमांवर गेरू फासला. चहा पिताना मालकानं सहज विचारलं, "मामा, उभं झाड वाळतंय तरी कशानं?" मला माझ्या माहितीची लई घमेंड. बुंध्याला भोक पाडून हिंग भरला की वाळतं, असं मी सांगून बसलो. ऐन पावसाळ्यात पुन्हा बोलावणं आलं. सगळा निंब करपला होता. मुळाशी चिखलानं बुजवलेलं भोक दिसलं; बोटानं उकरलं, तर तोच वास. "काय झालं रं बाबा ह्याला?" म्हातारीनं विचारलं. मालक तिच्या मागंच उभा होता. "वाळवी हाय, माय," मी म्हणालो. "मग तूच तोड," ती म्हणाली. "तुझा हात मायेचा हाय." मी तोडला. सून विचारते, हिंग सोसत नाही का? मी म्हणतो, हाव, नाही सोसत.