नीरेच्या पेटीतले दोन थेंब

उधन्याच्या आमच्या धर्मादाय दवाखान्यात एकच फ्रिज होता आणि त्याची किल्ली माझ्या कमरेला असायची. पोरांच्या लसी शहरातून थर्मासमध्ये आणायच्या, थंड ठेवायच्या आणि गुरुवारी द्यायच्या, एवढं माझं काम. नवऱ्याची बँकेतली बदली सुरतेला झाली म्हणून मी इथे आले. नर्स होते, आणि तोंडाची फटकळ होते. फ्रिजमध्ये लसीशिवाय काहीही ठेवायचं नाही हा माझा नियम. डॉक्टरसाहेबांची ताकाची बाटलीसुद्धा मी बाहेर काढली होती. ते महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले आणि ताक कोमट प्यायले.

समोर रस्त्यापलीकडे नीरेचं दुकान होतं. नीरा, म्हणजे झाडावरून उतरवलेला गोड रस, हिवाळ्यात पहाटे तिथे यायची आणि बर्फाच्या पेटीत बसायची. ऊन लागलं की ती आंबते, आणि आंबली की तिची दारू होते. दारूबंदीच्या गुजरातेत हे काही साधं प्रकरण नव्हे. त्यामुळे दुकानाचे काका उन्हाला पोलिसाइतके घाबरायचे. त्यांची पेटी उघडण्याचीही पद्धत होती. दहा गिऱ्हाईकं जमेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. आठवा माणूस कितीही घाईत असो, नववा आणि दहावा येईपर्यंत त्याने उभं राहायचं.

मे महिन्यात त्यांचं दुकान बंद असायचं. तेव्हा एकदा ते आमरसाचा डबा घेऊन माझ्याकडे आले होते. मुलीला बघायला पाहुणे यायचे होते, दोन तास रस थंड ठेवायचा होता. मी म्हणाले, "काका, आज रस, उद्या श्रीखंड, परवा हार-गजरे. हे लशीचं घर आहे, भोजनालय नाही." ते डबा घेऊन परत गेले. मला फार बरं वाटलं होतं, हे आता कबूल करते.

पुढच्या पौषातल्या एका गुरुवारी सकाळी दवाखाना उघडला, तर फ्रिज गप्प. वरच्या कप्प्यातला बर्फ अजून घट्ट होता, म्हणजे बंद पडून फार वेळ झाला नव्हता. दुरुस्तीवाला संध्याकाळी येतो म्हणाला. डॉक्टरसाहेब म्हणाले, "आजचं रद्द करा, पुढच्या गुरुवारी बघू."

एरवी मी ऐकलं असतं. पण त्या दिवशी एक बाई यायची होती. तिचा नवरा मागावर कामाला, घर खानदेशातलं. तिच्या थोरल्या मुलीचा पाय पोलिओने गेला होता. धाकट्या मुलाला मी पोलिओचे थेंब दोनदा पाजले होते, तिसरी खेप राहिली होती. मागच्या वेळेनंतर नेमके त्याला जुलाब झाले आणि घरात महाभारत झालं. ती मला म्हणाली होती, "सासू म्हनस, थेंबसमुयेच पोट बिघडनं. मी गुरुवारले तीन वाजता येस, ती निजेल ऱ्हास तव्हय. शुक्रवारले गावले जास. परत कव्हय येसू, म्हाईत नई."

मी तिला शब्द दिला होता. थोरलीच्या पायाकडे बघून दिला होता, त्यामुळे तो मोडणं मला जमणारच नव्हतं. डॉक्टरसाहेबांशी भांडले. शेवटी ते म्हणाले, "थर्मामीटर ठेवा. पारा आठाच्या वर गेला की सगळं फेकायचं, वाद घालायचा नाही."

थंडीत बर्फवाला गल्लीत फिरकत नाही. बर्फ होता तो समोर. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. त्या दिवशी गाढव कोण होतं हे मी अजून ठरवलेलं नाही. मी गेले आणि पेटीत चार बाटल्यांपुरती जागा मागितली.

काकांनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "बेन, आजे टीपां, काले बाटला, परमदिवसे आखुं दवाखानुं. आ नीरानुं घर छे, दवाखानुं नथी."

माझंच मे महिन्यातलं वाक्य, फक्त रसाच्या जागी थेंब. गिऱ्हाईकं हसली. मी लाल होऊन परत आले आणि कोणी फ्रिज उघडू नये म्हणून त्याच्या दाराला पाठ लावून स्टुलावर बसले. रडू येत होतं, आणि काका बरोबर बोलले होते याचाच जास्त राग येत होता.

साडेनऊला दारात हातगाडी खडखडली. काकांनी नीरा संपवली होती, पेटी धुतली होती, उरलेला बर्फ तिच्यात भरून पेटी ढकलत आणली होती. "नीरानुं घर खाली थयुं," ते म्हणाले. "आता दुसरा भाडोत्री चालेल."

मी आभार मानायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी अट घातली. पेटी त्यांची, म्हणून पद्धतही त्यांची. दहा मुलं जमल्याशिवाय झाकण उघडणार नाही. मग काय, आया रांगेत, कडेवर रडणारी पोरं, आणि काका ओळीवरून बोट फिरवत मोजताहेत. आठवीने घाई केली, तर तिलाही उभं केलं. मी मध्येच पारा बघायला गेले, तर माझ्या हातावर चापट. "बेन, तमे जोशो, तर ऊनपण बघेल." मला आयुष्यात इतकं कुणी रागावलं नव्हतं, आणि मी निमूट ऐकत होते. डॉक्टरसाहेब खोलीच्या दारात उभे राहून ताक पीत होते. फार खुशीत दिसत होते.

दुपारपर्यंत रांग संपली. तीन वाजले. सव्वातीनला ती बाई आली, धावत, कडेवर मुलगा, मागून लंगडत थोरली. एकच मूल. बाहेर दुसरं कुणी नव्हतं.

काकांनी मुलाकडे पाहिलं, मग थोरलीच्या पायाकडे. आपल्या हाताने झाकण उघडलं. एका माणसासाठी त्यांनी पेटी उघडलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. पारा सातावर होता. मी दोन थेंब पाजले. मुलाने तोंड वाकडं केलं आणि गिळले.

पुढच्या मे महिन्यात काका पुन्हा रसाचा डबा घेऊन आले. मी नाही म्हणाले. "बराबर," म्हणाले, आणि समाधानाने परत गेले.

बाई गावाहून वर्षभराने परतली आणि मुलाला पुढच्या डोससाठी घेऊन आली. माझा पांढरा डगला पाहताच तो हात सोडवून पळाला, रस्ता ओलांडून थेट नीरेच्या दुकानापर्यंत. मी त्याच्या मागे, बडबडत, चप्पल सुटलेली. मागून थोरली ओरडत होती, "माय, भाऊ पयी गया."

आणि मी मध्येच थांबले, त्याचे दोन्ही पाय बघत राहिले.